‘नराधम सापडेपर्यंत शेअर करा’: असा व्हिडिओ फॉरवर्ड केला की पुढे काय होतं?

मागच्या वर्षी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाठवणारे मामा. खाली लिहिलं होतं, ‘हा नराधम सापडेपर्यंत शेअर करत राहा, तुमच्याही घरात लेकरं आहेत.’ थंबनेलवरूनच कळत होतं की व्हिडिओ एका लहान मुलावरच्या अत्याचाराचा आहे. मी तो उघडला नाही. मामांना फोन करून म्हटलं, “मामा, तो आधी डिलीट करा, सगळ्यांसाठी करा.” मामा चिडले. म्हणाले, “अगं, मी मदतच करतोय ना? पोलिसांपर्यंत पोहोचायला नको का?”

त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण कायद्याच्या भाषेत त्या क्षणी त्यांनी बाललैंगिक अत्याचाराचं साहित्य प्रसारित केलं होतं. हाच व्हिडिओ त्यांनी फेसबुकवर टाकला असता तर तो पोलिसांपर्यंत खरंच पोहोचला असता, पण व्हाया अमेरिका, आणि त्यावर नाव मामांचंच असतं.

अमेरिका मध्ये कुठून आली?

फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगल यांसारख्या कंपन्या अमेरिकन आहेत. तिथल्या कायद्यानुसार एखाद्या कंपनीला आपल्या सेवेवर मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आढळलं, तर तिला ते ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन’, म्हणजे एनसीएमईसी या संस्थेला कळवावंच लागतं. या संस्थेची ‘सायबर टिपलाइन’ १९९८ पासून चालू आहे. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आढळलं तर कळवणं बंधनकारक आहे, पण शोधत राहणं बंधनकारक नाही. शोधायचं की नाही, हे कंपनी ठरवते.

शोधतात कसं? रोज अपलोड होणारे कोट्यवधी फोटो माणूस बसून बघत नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि हॅनी फरीद या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ‘फोटोडीएनए’ नावाचं तंत्र तयार केलं. आपल्या अंगठ्याचा ठसा असतो तसा प्रत्येक फोटोचा एक आकड्यांचा ठसा काढायचा, आणि आधीच माहीत असलेल्या अत्याचाराच्या फोटोंच्या ठशांशी तो जुळतो का ते पाहायचं. फोटो थोडा कापला, आकार बदलला तरी ठसा जुळतो. जुळला की खात्याची माहिती, आयपी अ‍ॅड्रेस, वेळ असा सगळा तपशील एनसीएमईसीकडे जातो. आयपी अ‍ॅड्रेस भारतातला असेल तर माहिती भारताकडे येते.

हे येणं सुरळीत झालं ते २०१९ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने, म्हणजे एनसीआरबीने, एनसीएमईसीबरोबर करार केला. तिथून राज्यांकडे आणि राज्यांकडून जिल्ह्यांकडे टिप जाऊ लागल्या. महाराष्ट्र सायबरने त्यांवर २०२० मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ नावाची मोहीम काढली. पोलीस घरी आले तेव्हा आपण काही चूक केलीय, हेच अनेकांना माहीत नव्हतं.

मग भारत ‘पहिल्या क्रमांकावर’ आहे का?

हा मथळा तुम्ही वाचला असेल. आकडा खराच आहे. २०२३ मध्ये सायबर टिपलाइनकडे जगभरातून सुमारे ३ कोटी ६२ लाख तक्रारी आल्या आणि त्यातल्या जवळपास ८९ लाख भारताशी जोडलेल्या होत्या. इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त.

पण यावरून ‘भारतात सर्वाधिक अत्याचार होतात’ असं म्हणता येत नाही, आणि खुद्द एनसीएमईसीही तसं म्हणत नाही. या तक्रारी म्हणजे अपलोडची मोजणी, मुलांची मोजणी नव्हे. एकच व्हिडिओ हजार जणांनी टाकला तर तक्रारी हजार. त्यात आपली लोकसंख्या आणि स्वस्त डेटा.

फेसबुकने २०२१ मध्ये याबद्दल एक विश्लेषण प्रसिद्ध केलं होतं. २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी कळवलेल्या साहित्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक साहित्य आधीच कळवलेल्या साहित्यासारखंच होतं, आणि निम्म्याहून जास्त साहित्य फक्त सहा व्हिडिओंच्या कॉपी होत्या. सहा! शिवाय कळवलेल्या खात्यांपैकी १५० खाती तपासली, तेव्हा ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी ते वाईट हेतूने शेअर केल्याचं दिसलं नाही. कोणी संतापून टाकलं होतं, कोणी ‘विनोद’ म्हणून. फेसबुकला स्वतःची बाजू मांडायची होती, त्यामुळे आकडे जरा सांभाळूनच वाचावेत. पण आमच्या फॅमिली ग्रुपचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

त्या सहा व्हिडिओंतल्या मुलांचा विचार करा. त्यातलं एखादं आज कॉलेजात असेल, आणि त्याच्यावर झालेला अत्याचार कोणाच्या तरी ‘शेअर करा’मुळे अजूनही फिरतोय.

पण मुळात हे दुसऱ्या देशांचं काम का?

यासाठी इंटरनेटच्या आधीच्या काळात जावं लागेल, आणि लांब नाही, गोव्यात आणि कुलाब्यात.

१९९१ मध्ये गोव्यातल्या मडगाव इथे पोलिसांनी फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक केली. तो मुलांसाठी वसतिगृह चालवायचा. त्याच्याकडे मुलांचे दोन हजारांहून अधिक फोटो सापडले. ही मुलं परदेशातून येणाऱ्या पुरुषांना ‘पुरवली’ जात होती. १९९६ मध्ये पीट्सला जन्मठेप झाली. पण त्या जाळ्यातले परदेशी पुरुष आपापल्या देशांत निघून गेले होते. त्यांना परत आणण्याचे प्रयत्न पुढची वीसहून अधिक वर्षं चालले होते. तोवर साक्षीदार मुलं चाळिशीकडे झुकली.

दुसरं प्रकरण मुंबईचं. ब्रिटिश नौदलात काम केलेल्या डंकन ग्रांटने १९९५ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ नावाची निवारागृहं सुरू केली. मुंबईत कुलाबा भागात आणि रायगडमधल्या मुरूडला. अ‍ॅलन वॉटर्स हा त्याचा सहकारी तिथे येऊन-जाऊन असायचा. दोघांनी मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं २००१ मध्ये बाहेर आलं, ते चाइल्डलाइन आणि बालहक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला म्हणून.

तोपर्यंत दोघंही देशाबाहेर. वॉटर्सला २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली आणि २००४ मध्ये त्याला भारतात आणलं गेलं. हे शक्य झालं कारण भारत आणि अमेरिकेत १९९७ मध्ये प्रत्यार्पण करार झाला होता. म्हणजे गुन्हा महाराष्ट्रातला, आरोपी ब्रिटिश, अटक अमेरिकेत. ग्रांट टांझानियात होता. २००५ मध्ये तो भारतात येऊन हजर झाला.

मार्च २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना प्रत्येकी सहा वर्षं सक्तमजुरी आणि २० हजार पौंड दंड सुनावला. तिथल्या व्यवस्थापकालाही शिक्षा झाली. जुलै २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. मुलांच्या जबाबांवर विसंबता येत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. महाराष्ट्र सरकार आणि चाइल्डलाइन दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी विश्वासार्ह मानल्या आणि सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली.

दहा वर्षं. आणि कलम कोणतं? मुख्यतः भारतीय दंड विधानाचं ३७७. कारण बलात्काराची तेव्हाची व्याख्या फक्त स्त्रियांपुरती होती, मुलग्यांसाठी वेगळा कायदाच नव्हता. मुलगा-मुलगी असा भेद न करणारा पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला, १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. अँकरेजच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही.

गोव्याने काय शिकलं?

पीट्स प्रकरणानंतर गोव्याने पोक्सोच्या नऊ वर्षं आधी स्वतःचा कायदा केला, गोवा बाल कायदा २००३. तो वाचताना मला गंमत वाटली आणि थोडं आश्चर्यही. हॉटेल-लॉजमध्ये कुटुंबीय किंवा नातेवाइकांबरोबर नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही, आणि फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला एखाद्या रोलमध्ये मुलांची अश्लील चित्रं दिसली तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, अशा तरतुदी त्यात आहेत.

स्टुडिओवाला! २००३ मध्ये फोटो बाहेर पडण्याचा तो एक मोठा दरवाजा होता, म्हणून कायद्याने तिथे माणूस बसवला. आज तो दरवाजा मेटा, गुगल, टेलिग्राम यांच्या हातात आहे. सगळा आंतरराष्ट्रीय वाद एका अर्थाने मडगावच्या त्या स्टुडिओवाल्याचाच आहे. त्याने रोल बघायचा का, आणि बघितला तर कोणाला सांगायचं?

कागदावर जग काय म्हणतं?

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. मुलांची विक्री, बालवेश्याव्यवसाय आणि अश्लील साहित्य याबद्दलचा त्याचा जोड-करार २००० मध्ये आला, भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. त्यातली महत्त्वाची कलमं प्रत्यार्पणाबद्दल आहेत. दोन देशांत वेगळा प्रत्यार्पण करार नसला, तरी या गुन्ह्यांसाठी याच जोड-कराराला आधार मानता येतं. आणि आपल्या नागरिकाला तो केवळ आपला नागरिक आहे म्हणून सोपवायचं नसेल, तर स्वतः खटला चालवण्यासाठी पावलं उचला, असंही तो सांगतो. थोडक्यात, ‘आमचा माणूस आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

युरोपने आणखी पुढे जाऊन २००७ मध्ये लान्झारोते करार केला. परदेशात आपल्या नागरिकाने केलेला गंभीर अत्याचार, त्या देशात तो गुन्हा असो वा नसो, मायदेशी गुन्हाच धरायचा, असं त्याचं म्हणणं आहे. हा करार युरोपबाहेरच्या देशांनाही खुला आहे आणि ट्युनिशियाने तो स्वीकारलाही. भारत त्यात नाही. सायबर गुन्ह्यांच्या २००१ च्या बुडापेस्ट करारातही भारत नाही. तो लिहिताना आम्हाला विचारलं नव्हतं आणि आमचा डेटा परक्यांच्या हाती जाईल, हा आपला जुना आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याची किंमत तपास अधिकारी मोजतो. परदेशी सर्व्हरवरचा पुरावा मागायचा तर मंत्रालयांमार्फत पत्र जातं, आणि त्याला महिनोन्‌महिने लागू शकतात.

काही देशांनी आपल्या गुन्हेगारांच्या प्रवासावरच बंधनं घातली. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून नोंदणीकृत बाललैंगिक गुन्हेगारांचा पासपोर्ट रद्द होऊ शकतो. अमेरिकेत २०१६ च्या कायद्यानुसार अशा लोकांच्या पासपोर्टवर तसा शेरा असतो. गोवा किंवा मुरूडच्या दृष्टीने पाहिलं तर या दोन तरतुदी अनेक घोषणांपेक्षा जास्त कामाच्या.

आपल्याकडे उलट दिशेने बघण्याची सवय कमी आहे. पर्यटनासाठी परदेशात जाणारा भारतीय तिथे असा गुन्हा करतो तेव्हा काय? भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा इथे चालवण्याची सोय आपल्या फौजदारी कायद्यात जुनीच आहे, पण खटल्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. आपण नेहमी स्वतःला फक्त बळींच्या देशात धरतो. आता ते पुरेसं नाही.

पीडित मूल कसं सापडतं?

तपासाच्या बातम्यांमध्ये अटकेचे आकडे येतात, पण मला सगळ्यात महत्त्वाचं काम वेगळं वाटतं. इंटरपोलचा एक डेटाबेस आहे, आयसीएसई. त्यात वेगवेगळ्या देशांचे अधिकारी फोटो-व्हिडिओंची पार्श्वभूमी तपासतात. भिंतीचा रंग, विजेचं बटण, खिडकीचा गज, मागे ऐकू येणारी भाषा. एका देशात बसलेल्या अधिकाऱ्याला ते बटण ओळखता येत नाही, दुसऱ्या देशातला बघताक्षणी सांगतो, ‘हे आमच्याकडचं आहे.’ असं करत करत मूल कुठे आहे ते शोधलं जातं. भारत २०२२ मध्ये या डेटाबेसशी जोडला गेला, ६८ वा देश म्हणून. म्हणजे त्याआधी ‘हे बटण आमच्याकडचं आहे’ असं सांगायला आपला माणूस तिथे नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन मेघचक्र’ केलं, अनेक राज्यांत ५९ ठिकाणी छापे. माहिती न्यूझीलंडच्या पोलिसांकडून इंटरपोलच्या सिंगापूर केंद्रामार्फत आली होती.

‘मी फक्त बघितलं’ चालतं का?

नाही. हे ज्या खटल्यात ठरलं, तो अशाच एका टिपमधून उभा राहिला होता. चेन्नईच्या अंबत्तूर भागातल्या एका तरुणाच्या फोनमध्ये असे दोन व्हिडिओ सापडले. नुसतं डाउनलोड करून बघणं हा गुन्हा नाही, असं म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये खटला रद्द केला. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: असं साहित्य तुमच्या ताब्यात आहे, तुम्ही ते नष्ट केलं नाही, कळवलं नाही, तर परिस्थितीवरून तुमचा हेतू तपासला जाईल. अनोळखी लिंक चुकून उघडली गेली तर नुसती बंद करून भागत नाही, कळवायलाही हवं. फॉरवर्ड करण्याबद्दल तर आधीपासूनच स्पष्टता आहे. पोक्सोच्या कलम १५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ बी नुसार पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत. अपवाद आहे तो यंत्रणेला कळवण्यासाठी किंवा न्यायालयात पुरावा म्हणून देण्याचा. फॅमिली ग्रुप त्यात बसत नाही.

याच निकालात आणखी दोन गोष्टी होत्या. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नका, कारण त्यातून संमतीचा वास येतो, हे अत्याचाराचं साहित्य आहे. आणि कंपन्यांनी फक्त अमेरिकेतल्या संस्थेला कळवून हात वर करायचे नाहीत, पोक्सोनुसार इथल्या पोलिसांनाही कळवायचं.

मग अडलंय कुठे?

एन्क्रिप्शनवर. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून कंपनीलाही दिसत नाहीत. ती प्रोफाइल फोटो, ग्रुपचे फोटो आणि वापरकर्त्यांनी केलेल्या तक्रारी बघते, आतला मजकूर नाही. डिसेंबर २०२३ पासून फेसबुक मेसेंजरवरही हेच सुरू झालं. २०२४ मध्ये टिपलाइनवरच्या तक्रारी २ कोटी ५ लाखांपर्यंत खाली आल्या. काही घट मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आहे, एकाच घटनेच्या अनेक तक्रारी एकत्र केल्या गेल्या. पण अत्याचार कमी झाले असा अर्थ कोणीच काढत नाही.

युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये प्रस्ताव आणला की गरज पडल्यास कंपन्यांना खासगी संदेशही तपासायला लावावं. त्यावर इतका गदारोळ झाला की तो वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. विरोध करणारे गुन्हेगारांचे मित्र नाहीत. आज मुलांसाठी उघडलेलं दार उद्या सरकार पत्रकारांसाठी उघडेल, ही त्यांची भीती मला, पत्रकार म्हणून, खोटी वाटत नाही. पण ‘प्रायव्हसी’ म्हणून विषय संपवतात तेव्हा त्या सहा व्हिडिओंतल्या मुलांच्या प्रायव्हसीचं काय, हा प्रश्न उरतोच. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कंपन्यांनी किमान ‘रिपोर्ट’चं बटण तीन मेन्यूंच्या आत लपवू नये, एवढं तर आजही होऊ शकतं.

डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा नवा करार मंजूर केला. मुलांचं ऑनलाइन शोषण आणि त्यांना जाळ्यात ओढणं, दोन्ही त्यात गुन्हे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो हनोईत सह्यांसाठी खुला झाला. लागू व्हायला ४० देशांची मान्यता लागते.

तुमच्या ग्रुपवर असं काही आलं तर?

उघडू नका, फॉरवर्ड करू नका, ‘पुरावा’ म्हणून स्क्रीनशॉटही काढू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, वेळ लिहून घ्या. अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार द्या, मुलांच्या बाबतीत नाव न सांगताही देता येते. मूल आत्ता धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ किंवा ११२. एखाद्या अल्पवयीन मुलामुलीचे स्वतःचेच फोटो फिरत असतील किंवा कोणी त्यावरून धमकावत असेल, तर एनसीएमईसीची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही, फक्त त्याचा ठसा पाठवला जातो. पीडित मुलाचं नाव, शाळा, गाव कमेंटमध्येसुद्धा लिहू नका, तोही पोक्सोखाली गुन्हा आहे.

मामांनी व्हिडिओ डिलीट केला. मी नाव देऊन तक्रार केली, म्हणजे पुढे काय झालं ते पाहता येईल. आठवड्याने मामांचा फोन आला. रागाचा विषय निघालाच नाही. म्हणाले, “त्या पोराचं काय झालं गं, काही कळलं?” मी पोर्टल उघडून बघितलं. तक्रार पुढच्या यंत्रणेकडे पाठवली आहे, एवढंच दिसत होतं.